अकरा नंबरचा पाइप

पाइप फुटलाय हे सांगायची एक रीत असते. चेहरा पडलेला हवा, पण फार पडलेला नको. आवाजात घाई हवी, घबराट नको. "अहो, काय सांगू, तुमच्या बाथरूमचा पाइप फुटलाय. प्लंबर परतवाड्याहून यायचाय. तुमची सोय आम्ही खाली केलीय, गाडी दारात आहे, तुम्ही फक्त बसायचं." हे एका दमात म्हणायचं आणि शेवटचा शब्द संपायच्या आत बॅग उचलायची. चिखलदऱ्याच्या हॉटेल गिरिछायेत उज्ज्वला तायडे हे काम इतक्या सफाईने करायची की नागपूरच्या मुख्य ऑफिसने तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग कंपनीच्या बाकीच्या हॉटेलांना शिकवणीसाठी पाठवलं होतं. फजिती एकदाच झाली. एक निवृत्त गृहस्थ बाह्या सरसावून म्हणाले, "दाखवा कुठे फुटलाय, उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला माझा." तेव्हा ड्रायव्हर मोतीलाल कासदेकरला मागून शिडी लावून पाइप खरोखरच फोडावा लागला होता.

आणि आज तीच उज्ज्वला अकरा नंबरच्या दाराबाहेर उभी होती. पहिलं वाक्यच ओठांवर येत नव्हतं.

पाइप कधीच फुटलेला नसायचा, हे वेगळं सांगायला नको. फुटायला आलेलं असायचं ते पाहुण्याचं हृदय.

त्याचं असं झालं होतं. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या हॉटेलात एक माणूस दारावर 'त्रास देऊ नये' अशी पाटी लावून झोपला आणि उठलाच नाही. पाटी लावलीय म्हटल्यावर कोणी त्याला त्रास दिला नाही. कितीतरी दिवस. वास सुटला तेव्हा कुठे दार उघडलं. प्रकरण कोर्टात गेलं, तिथून विधिमंडळात, आणि शेवटी अतिथी कायदा आला. हॉटेलच्या छपराखाली पाहुण्याचा जीव धोक्यात आला आणि हॉटेलला वेळेत कळलं नाही किंवा त्याला वेळेत हॉस्पिटलात पोचवलं नाही, तर जबाबदारी हॉटेलची. 'आम्हाला काय माहीत' हे उत्तर त्या दिवसापासून बाद झालं.

मग माहीत करून घेणारं यंत्रही आलं. 'चाहूल' त्याचं नाव. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, छताला चिकटवलेली. कॅमेरा नाही, माइक नाही. ती खोलीत रेडिओलहरी सोडते, लहरी माणसाच्या अंगावर आपटून परत येतात. श्वास आत घेतला की छाती वर येते, लहरीची परतीची वाट तेवढी आखूड होते. सोडला की लांबते. हृदयाच्या ठोक्याने कातडी केसाच्या जाडीइतकी हलत असेल नसेल, पण डबीला तेवढं पुरतं. रजई मधे आली तरी बिघडत नाही, सुती कापड या लहरींना दिसतच नाही.

पण खरी करामत पुढची होती. हृदय थकलं की फुप्फुसात थोडं थोडं पाणी साचायला लागतं. माणसाला ते कळायच्या दोनतीन दिवस आधीपासून झोपेतला त्याचा श्वास उथळ आणि घाईचा होतो. माणूस एक उशी वाढवतो आणि म्हणतो, गॅस झालाय. डबी असं स्वतःला समजावत नाही. लाखो माणसांच्या श्वासांवर ती शिकलेली आहे. पुढे काय वाढून ठेवलंय याचा ती अंदाज बांधते आणि काउंटरवरच्या पडद्यावर त्या खोलीची रेघ हिरव्याची पिवळी, पिवळ्याची नारिंगी करते.

हॉटेलवाल्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग गिरिछायेत एक वेगळीच गंमत सुरू झाली. आडवारी, हंगाम नसताना, एकेकटी म्हातारी माणसं यायला लागली. देवी पॉइंट बघायचा नाही, भीमकुंडाकडे फिरकायचं नाही, काचेच्या पुलाचं नावही काढायचं नाही. खोलीत जायचं, जेवायचं आणि गाढ झोपायचं. उज्ज्वलाने एका आजोबांना विचारलं, "बाबा, थंडी वाजत नाही का, घर सोडून इथे येता ते?"

"घरी मेलो तर दूधवाल्याला कळेल," ते म्हणाले. "आणि दूध मी बंद केलंय. इथं मेलो तर तुमच्यावर केस होते. तुम्ही झक मारत लक्ष देता."

उज्ज्वलाला हसू आलं होतं. त्या दिवशी तिने त्यांच्या चहात आलं जरा जास्त किसलं.

कंपनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डोंगरावरचं गाव, मोठं हॉस्पिटल घाट उतरून परतवाड्याला, धुकं पडलं की गाडी रांगत जाणार. वेळेत पोचवायची जबाबदारी इथे पाळताच येणार नाही. म्हणून नागपूरच्या निनादने (जोखीम विभागाचा हा पोरगेला साहेब, बोलायला फार गोड) पाइप शोधून काढला. रेघ नारिंगी झाली की पाहुण्याला गेटबाहेर काढायचं. खरं सांगायचं नाही. सांगितलं की माणूस घाबरतो, आणि घाबरून आपल्याच छपराखाली त्याला काही झालं तर? बाईमाणूस असेल तर खण-नारळ द्यायचा. "पुन्हा या," म्हणायचं. गाडी गेटबाहेर पडली की छताखालची जबाबदारी संपली.

मोतीलाल त्यांना थेट खालच्या हॉस्पिटलात सोडायचा. तिथले लोक एक दिवस ठेवायचे, गोळ्या बदलायचे आणि घरी सोडायचे. घर म्हणजे तेच, जिथून ते उठून आलेले असायचे. पुढचं विचारायची पद्धत नव्हती. पाणीपुरवठावाल्या गृहस्थांना उज्ज्वलाने एकदा दिवाळीला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग मशीनमधल्या कोणत्याशा बाईचा आवाज आला. तिने पुन्हा लावला नाही.

अकरा नंबरमध्ये इंदुमती धर्माळे होत्या. अमरावतीच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. ट्रंक कॉलच्या काळात कानाला हेडफोन लावून त्यांनी हजारो लोकांचे फोन जोडून दिले होते. लग्न केलं नाही. "सगळ्यांचं जोडता जोडता माझीच लाइन एंगेज राहिली," असं म्हणायच्या आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायच्या. गेली काही वर्षं त्या दर दोन महिन्यांनी यायच्या, अकरा नंबरच मागायच्या आणि दुपारची झोप झाली की काउंटरशी खुर्ची ओढून बसायच्या.

उज्ज्वलाला त्यांची एक सवय माहीत होती. झोपायच्या आधी त्या छताकडे बघून म्हणायच्या, "झोपते हं."

"डबीला ऐकू येत नाही हो मॅडम," उज्ज्वलाने एकदा सांगून पाहिलं.

"ठाऊक आहे गं. पण सवय आहे. एक्स्चेंजमध्ये आम्ही बायका ओळीने बसायचो. कोणाला उठायचं असलं, पाणी प्यायला का होईना, तर शेजारणीला म्हणायचं, 'उठते हं.' ती म्हणायची, 'हं.' मगच हेडफोन काढायचा. तिचं 'हं' आल्याशिवाय उठायचं नाही. नाहीतर बोर्डावर दिवा लागेल आणि बघायला कोणी नाही." मग छताकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हा बाप्पा काही 'हं' म्हणत नाही. पण ठीक आहे. दिवा लागला तर बघतो तरी."

उज्ज्वलाच्या क्वार्टरात डबीही नव्हती. नोकरमाणूस कायद्याच्या भाषेत अतिथी नसतं. तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या मागे तिची खोली: एक खाट, एक शेगडी, वडिलांचा फोटो. वडील होते तोवर त्यांचं करण्यात वय गेलं. भाऊ अकोल्याला, दिवाळीला फोन येतो. दिवसभर ती पडद्यावरच्या रेघा बघायची. चार नंबर गाढ झोपलाय, सात नंबर अजून जागा आहे. इतक्या लोकांच्या झोपेची तिला खबर असायची. तिच्या झोपेची कोणालाच नव्हती, आणि असावी असं तिला कधी वाटलंही नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

आज सकाळी अकरा नंबरची रेघ नारिंगी झाली आणि निनादचा फोन आला. "ताई, अकरा. जेवणाच्या आधी हलवूया ना?"

तिने दारावर टकटक केली.

इंदुमतीबाई खुर्चीत बसल्या होत्या, पाठीशी तीन उशा. उज्ज्वलाचं तोंड बघून त्यांनी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"माझा पण फुटला का गं पाइप?"

उज्ज्वला दाराशीच थांबली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मागच्या खेपेला नऊ नंबरच्या बाईंचा फुटला. त्याआधी त्या पाटीलबुवांचा. तरुण जोडप्यांच्या बाथरूमचे पाइप मेले कधी फुटत नाहीत." त्या हसल्या, मग दम खात थांबल्या. "बस. उभ्याने खोटं बोलू नकोस, पाय दुखतील."

उज्ज्वला खाटेच्या कडेवर बसली. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं. "नारिंगी आलीय, मॅडम," ती म्हणाली. "खाली हॉस्पिटलात..."

"जाऊन आले. दिवाळीआधीच, आमच्या अमरावतीच्या हॉस्पिटलात. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, आजी, हे मशीन जुनं झालं, पार्ट मिळत नाहीत. पाण्याची गोळी वाढवू, श्वास लागला की आणखी वाढवू, बाकी देवावर. तिथे ठेवून घेऊन काय करणार ते? मला घरी सोडतील. घरी काय आहे? टीव्ही. तो माझ्याकडे बघत नाही, मीच त्याच्याकडे बघते."

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. गवळ्याच्या म्हशी घंटा वाजवत गेल्या. दिसली एकही नाही.

"मला मरायची भीती नाही वाटत बाई," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पण दिवा लागावा आणि बोर्डावर कोणी नसावं, हे नको वाटतं. तेवढ्यासाठी येते मी. तुमच्या भिंती काही फार सुंदर नाहीत."

उज्ज्वलाने बॅग भरायला घेतली. दुसरं काय करणार होती? स्वेटर, गोळ्यांचा डबा, अर्धवट विणलेला मफलर. "कोणासाठी विणताय?" तिने विचारलं.

"ठरवलं नाही अजून. आधी होऊ दे म्हटलं, मग माणूस बघू."

खाली मोतीलाल गाडी लावून उभा होता. उज्ज्वलाने काउंटरमागून खण-नारळ आणला, ओटीत घातला. 'पुन्हा या' म्हणायची वेळ आली तशी ती म्हणाली, "थांबा, मी पण येते गेटपर्यंत," आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मोतीलालने आरशातून पाहिलं. असं कधी झालं नव्हतं.

गेट आलं. खांबावरच्या यंत्राने टिक केलं: अकरा नंबर रिकामी. जबाबदारी संपली.

"मोतीभाऊ," उज्ज्वला म्हणाली, "उजवीकडे घ्या."

"घाट डावीकडं हाये ताई."

"माहीत आहे. उजवीकडे घ्या, कॉफीच्या बागेला वळसा घालून मागच्या फाटकाने आत या. स्वयंपाकघराकडच्या."

मोतीलालने गाडी थांबवली. "म्हंजे इकडून काहाडायचं अन् तिकडून आनायचं?"

"हो."

त्याने थोडा विचार केला. "साहेबाले कळलं त घरी बसवन तुमाले."

"कळलं तर बघू. आता या हॉटेलच्या पाहुण्या नाहीत. माझ्या आहेत."

इंदुमतीबाई नारळ मांडीवर धरून बसल्या होत्या. फाटकाशी गाडी वळली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "उज्ज्वला, तुझ्याकडे डबी नाही ना?"

"नाही."

"मग गं?"

"मी आहे ना."

म्हणताना सोपं होतं. उज्ज्वलाच्या क्वार्टरात खाट एकच होती. तिने खिडकीजवळची आपली खाट त्यांना दिली, स्वतःसाठी स्टोअरमधली एक फोल्डिंगची खाट आणून मागच्या भिंतीला लावली. अमरावतीच्या डॉक्टरांना फोन लावून गोळी कितीने वाढवायची ते विचारून घेतलं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर येऊन पायावरची सूज दाबून बघून गेल्या. आणि मग उरलं ते नुसतं ऐकणं. डबी जे न थकता करायची ते आता तिच्या दोन कानांवर आलं. काउंटरवरून ती घटकाघटकाने पळत यायची, दारात उभी राहायची, श्वास ऐकायची, परत जायची. पडद्यावर अकरा नंबरची रेघ नव्हती. त्या रिकाम्या जागेकडे तिचं सारखं लक्ष जायचं.

"अगं किती पळशील," इंदुमतीबाई म्हणायच्या. "मी जायची वेळ आली तर हाक मारीन."

"नक्की?"

"आवाज मोठा आहे माझा. दिल्लीपर्यंत जायचा."

तिसऱ्या दिवशी सूज थोडी उतरली. तीन उशांच्या दोन झाल्या. दुपारी मोतीलाल काउंटरवर बसला आणि उज्ज्वला, फक्त पाठ टेकते म्हणून, भिंतीकडच्या खाटेवर आडवी झाली.

जाग आली ती पाठीवर थापट्या पडत होत्या म्हणून. इंदुमतीबाई आपली खाट सोडून तिच्या उशाशी येऊन बसल्या होत्या, धापा टाकत.

"काय झालं? श्वास लागला का?" उज्ज्वला धडपडून उठली.

"मला नाही. तुला." त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. "तुझा श्वास थांबतो गं झोपेत. घोरतेस, घोरतेस आणि मग काहीच नाही. लाइन तुटावी तशी. मी वाट बघते, येईल आता, येईल आता. मग बुडालेलं माणूस वर यावं तशी तू दचकून श्वास घेतेस. तुला कोणी सांगितलं नाही का कधी?"

उज्ज्वलाने आठवून पाहिलं. सकाळी डोकं जड असायचं. वयाचं असेल म्हणायची. गॅस झालाय म्हणायची.

"कोण सांगणार?" ती म्हणाली.

फोन वाजला. निनाद.

"ताई, एक विचारायचं होतं. एक नंबरची खोली रिकामी आहे ना?"

"आहे."

"मग तिथल्या चाहुलीला तीन दिवस एक श्वास कसा दिसतोय? खोलीत नाही, भिंतीच्या पलीकडे. ती भिंत मागच्या दुरुस्तीत प्लायवूडची केली होती ना? त्यातून लहर जाते. पलीकडे तुमचं क्वार्टर आहे." आवाजातला गोडवा तसाच होता, पण आता तो सांभाळून ठेवलेला वाटत होता. "ताई, धर्माळे मॅडमना तुम्ही खाली पाठवलंच नाहीत. असं करायला नको होतं. तुमच्यावर मला कारवाई... ते नंतर बोलू. हा श्वास फार वाईट आहे. थांबत थांबत चाललाय, रेघ लाल आहे. नारिंगीपेक्षा पुढची. त्यांना आत्ताच्या आत्ता हलवा."

उज्ज्वलाने भिंतीकडे पाहिलं. मग आपल्या उशीतल्या खड्ड्याकडे.

"निनाद सर," ती म्हणाली, "भिंतीला लागून जी खाट आहे, त्या खाटेवरचा श्वास ना हा?"

"हो. अगदी लागूनच."

"त्या खाटेवर मी झोपते. धर्माळेबाई खिडकीशी असतात. तुमच्या लहरी तिथवर पोचत नसतील."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला, मग तो बंद झाला.

"तुम्ही?"

"मी. काय करायचं म्हणता? गाडी लावू? पाइप फुटलाय म्हणून मलाच सांगू?"

"नाही म्हणजे... स्टाफचं..." तो काहीतरी शोधत असावा. "स्टाफसाठी तसं काही नाहीये ताई. नियमच नाहीये. सिस्टीम विचारतेय खोली नंबर काय, आणि माझ्याकडे टाकायला नंबर नाही."

"मग नका टाकू."

"तुम्ही दाखवून घ्या, ताई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो साहेबासारखा वाटला नाही. "यावर मशीन मिळतं, नाकाला लावून झोपायचं. खरंच जा. आणि त्या बाई... गेटबाहेर गेल्याची वेळ पडलीच आहे. तुमच्याकडे कोण राहतं ते कंपनीने विचारायचं कारण नाही. मावशी वगैरे असतील."

"मावशीच आहेत."

"हो." फोन ठेवायला त्याने उशीर केला.

उज्ज्वला फोन हातात धरून बसून राहिली. इतक्या दिवसांत, इतक्या वर्षांत तिच्या श्वासाकडे यंत्राने आणि माणसाने एकाच दुपारी लक्ष दिलं होतं, आणि यंत्राने तो दुसऱ्याच कोणाचा समजून. तिला हसू यायला लागलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, तेव्हा इंदुमतीबाईंनी मांडीवरचा अर्धा मफलर तिच्या गळ्याला लावून लांबी बघितली.

"उद्या दोघी जाऊ डॉक्टरकडे," त्या म्हणाल्या. "मोतीलालला म्हणावं, या वेळी खरंच घाट उतर. आणि परत चढ."

"बरं, मावशी."

हाक म्हणून तो शब्द खोलीत पहिल्यांदाच पडला. दोघींनीही त्याच्याकडे न पाहिल्यासारखं केलं.

"आता पड जरा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "अर्धीच झोप झालीय तुझी. कुशीवर निज, पाठीवर नको. मी जागी आहे. बसून असलं की मला बरं वाटतं तसंही."

धुक्याने खिडकी पांढरी झाली होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. इंदुमतीबाई किती दिवसांच्या सोबती आहेत हे उज्ज्वलाला ठाऊक नव्हतं, आणि आता स्वतःबद्दलही ते ठाऊक नव्हतं. त्या बाबतीत दोघी एका ओळीत आल्या होत्या. ती कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले. डोळे मिटले, पण तशीच थांबून राहिली. काहीतरी राहिलं होतं.

"झोपते हं," ती म्हणाली.

सुयांची टकटक थांबली.

"हं."